आप्पांच्या रानाचा मालक

आम्ही कृषी विद्यापीठातले चार रिटायर्ड लोक तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात भेटलो, की तब्येतीच्या चौकशा एका चहात आटोपतात. दुसऱ्या चहाला आप्पांचा विषय निघतो. मग घरून फोन येईपर्यंत आप्पाच!

आप्पा म्हणजे वडगाव रासाईकडचे मेंढपाळ. पोटी मूल नाही, कळप मात्र रस्ता अडवेल एवढा. नव्वदनंतर इकडे कारखाने आले आणि त्यांच्या माळाला सोन्याचा भाव आला. पुतण्या कंपनीचा माणूसच घेऊन आला. आप्पांनी त्याला एवढंच विचारलं, "तुमच्या कंपनीत मेंढरं बसत्यात का?"

तो नाही म्हणाला. आप्पांनी सगळी जमीन आमच्या विद्यापीठाला दान करून टाकली. आपल्यामागं मेंढरांना हक्काची जागा राहावी, एवढीच तोंडी अट. आम्ही माना डोलावल्या. त्या कामात आमचा हात कुणी धरला नसता.

* * *

सत्कारात आप्पांना भारी शाल दिली. दुसऱ्या दिवशी ती नुकत्याच जन्मलेल्या कोकराच्या अंगावर! आमच्या विभागप्रमुख साहेबांनी चाचरत विचारलं, शाल आवडली ना?

"त्याला लई आवडली," आप्पा म्हणाले.

* * *

विद्यापीठानं त्या जमिनीवर पहिलं संशोधन केलं ते म्हणजे तारेचं कुंपण घातलं आणि पाटी ठोकली, 'जनावरांना सक्त मनाई'. आप्पांना वाचता येत नव्हतं. पाटी मलाच वाचून दाखवावी लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मेंढरं वळवून शेजारच्या वावरात घेऊन गेले.

* * *

त्या वर्षी शेजाऱ्याची ज्वारी पुरुषभर, आमची गुडघ्याएवढी. मेंढरं रात्री वावरात बसवली की लेंडीखतानं रान सुधारतं, हे आम्ही वर्गात शिकवतच होतो! साहेबांनी मला आप्पांकडे पिटाळलं.

"आमची रीत हाय," आप्पा म्हणाले. "रानाच्या मालकानं सोता येऊन सांगाया लागतं."

आता मालक कोण? विभागप्रमुख म्हणाले, डीन. डीन म्हणाले, रजिस्ट्रार. मीटिंगांवर मीटिंगा झाल्या. शेवटी एका दुपारी कुलगुरूच गाडीतून उतरले आणि आप्पांपुढे हात जोडून उभे राहिले.

"आप्पा, आमच्या रानात मेंढरं बसवा."

"किती दिस?"

कुलगुरूंनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही जमिनीकडे.

"कायमची," ते म्हणाले.

आप्पांनी मान हलवली. "मग मेंढक्याचं पयलं जेवाण रानमालकाकडनं आसतंय, साहेब."

गाडीतून कुलगुरूंचा डबा आला. आप्पा बांधावर सावलीला बसून सावकाश जेवले. आणि त्यांचं जेवण होईपर्यंत, हातात काठी घेऊन, कुलगुरू मेंढरं राखत उभे!