पाणी जाईल की रे

आधीच सांगून टाकतो, या हकिगतीतला नालायक माणूस मी आहे. उगाच दुसरा शोधत बसू नका.

अंदमानातल्या एका लहान बेटावर आम्ही चौघं गेलो होतो. मी, बायको, मुलगी आणि माझी आई. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी सुपरवायझर आहे. दिवसभर माणसांवर ओरडण्याचाच पगार घेतो, आणि ती सवय काही गेटवर ठेवून येता येत नाही. आईनं उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. निघायच्या आधी महिनाभर तिचं एकच पालुपद, "मी छातीएवढ्या पाण्यात जाणार हाय बरं का." वैरागला माहेरच्या मळ्यात ती लहानपणी विहिरीत काठावरून उड्या मारायची. लग्न होऊन सोलापुरात आली आणि पोहणं संपलं. आमच्या घरात पोहता येणारी ती एकटीच.

बेटावर आमचा एकच अख्खा दिवस होता, दुसऱ्या दिवशी सकाळी परतीची बोट. नाश्ता उरकून किनाऱ्यावर गेलो तर पाणी पार झाडांपर्यंत आलेलं. आईनं घरून आणलेली सोलापुरी चादर वाळूवर अंथरली, चपला काढल्या, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि पदर खोचला. झाली तिची तयारी.

आणि मला लाज वाटली. आजूबाजूला सगळी चड्डी-गॉगलवाली मंडळी, आणि त्यांच्या मधोमध माझी आई काष्टा आवळत उभी.

"आत्ता नको," मी म्हणालो. "सामान कोण बघणार? आम्ही जाऊन येतो, मग तू जा."

"पाणी जाईल की रे," ती म्हणाली.

आम्ही हसलो. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. त्या दिवशी आई पहाटेपासून नळापाशी ठाण मांडते आणि पिंप, हंडे, पातेली, शेवटी तांब्यासुद्धा भरून ठेवते. पाणी आलं की जातं, हे तिच्या हाडात मुरलंय. मी मुद्दाम तिचाच हेल काढून, शेजारच्या लोकांना ऐकू जाईल असं ओरडलो, "आये, ह्यो समुद्र हाय, सोलापूरच्या सात रस्त्याचा नळ न्हाय! कुटं पळून चाललाय त्यो?" मुलगी "आजी, पिंप आणू का?" म्हणत वाळूत लोळली. बायको हसली, शेजारचेही हसले. आईसुद्धा हसली. ती हसली म्हणून मी आणखीच चेकाळलो. म्हटलं, "बादलीभर आणून देतो की, पाय बुडवून बस!"

"जावा तुमी. मी बसते," असं म्हणून तिनं आमचे मोबाइल, घड्याळं, पाकीट सगळं ओच्यात घेतलं.

आम्ही तिघं लाइफ जॅकेट घालून कमरेएवढ्या पाण्यात किंचाळत होतो. बाहेर आलो तशी ती उठली. मी म्हणालो, थांब, आधी फोटो काढू. मग बायकोला पुन्हा पाण्यात जायचं होतं. मग मुलीला शिंपले हवे होते. मग मीच म्हणालो, जेवून घे, नंतर निवांत जा. तिनं पिशवीतली कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. त्यानंतर मी चादरीवर आडवा झालो आणि डोळे मिटता मिटता दम दिला, "मला उठवू नको. आणि एकटी पाण्यात शिरू नको, बुडलीस तर मला निस्तरावं लागेल." विहिरीत उड्या मारणाऱ्या बाईला हे मी सांगितलं, ज्याला साधं तरंगता येत नाही.

जागा झालो तेव्हा समुद्र नव्हता. लांबवर नुसते काळे, टोकदार खडक, मध्ये डबकी, आणि पाणी पार तिकडे टोकाला. नारळवाला म्हणाला, ओहोटी आहे, पाणी आता अंधार पडल्यावर येईल आणि तेव्हा कुणाला आत सोडत नाहीत. आई होती तिथंच बसली होती, ओच्यात मोबाइल.

"गेलं बघ," ती म्हणाली.

माफी मागावी की नाही माणसानं? मी खेकसलो, "मग उठवायचं न्हाय? मूग गिळून बसलीस ती!"

"तूच म्हणालास की, उठवू नको."

मग ती उठली. खडकांवरून अनवाणी दहा-बारा पावलं गेली, तळव्याला कापलं, तिथंच एका डबक्यापाशी टेकली. ओंजळभर पाणी घेऊन डोळ्यांना लावलं. मी मागून हाका मारत होतो, "चल की आता, किती वेळ!"

सोलापुरात परत आलो आणि दोनच दिवसांनी पाण्याचा वार आला. नळापाशी गल्लीतल्या बायका जमल्या. कुणीतरी विचारलं, "काकू, कसा होता समुद्र?"

"लई मोठा," आई म्हणाली. "मी छातीएवढ्या पाण्यात गेले. पोरानं हाताला धरून नेलं."

मी बादली घेऊन दारातच उभा होतो. बायका माझ्याकडे बघून म्हणाल्या, "व्हय का?"

"व्हय की," मी म्हणालो. "बाहेर निघायलाच तयार नव्हती."

आई हसली. किनाऱ्यावर हसली होती, तशीच.