बावीस गेजचा पत्रा आणि दौलतची विहीर

गाव सोडण्याच्या दिवशी सरकारी ट्रक सकाळी आठला यायचा होता, तो दुपारी दोनला आला. त्या सहा तासांच्या विलंबाबद्दल मी केलेल्या अर्जाला आजतागायत उत्तर मिळालेले नाही आणि ते मिळेल अशी अपेक्षाही मी आता ठेवलेली नाही. धरणाचे पाणी आपल्या गावावर चढणार हे ठरून चार वर्षे झाली होती. तरी त्या सकाळी घरोघरी अशी धांदल होती की जणू नोटीस आदल्या संध्याकाळीच बजावली गेली असावी. लोकांनी चौकटी उपटल्या, आढी उतरवली, उखळे खणून काढली. माझा शेजारी दौलत याने विहिरीवरचे मोटेचे चाक काढून खांद्यावर घेतले आणि ट्रक येईपर्यंत ते खाली ठेवले नाही. मी कागदांनी भरलेल्या दोन पत्र्याच्या पेट्या ओट्यावर आणून ठेवल्या. आई म्हणाली, "आधी दाराची चौकट घे बाप्पा. कागद मंग नेजो." मी पेट्याच चढवल्या. चौकटीला ट्रकमध्ये जागा उरली नाही.

तुम्ही नव्या गावठाणात गेला असाल, कामठीला मागावर बसला असाल, किंवा माझ्यासारखे नागपुरात येऊन भाड्याच्या खोल्या बदलत राहिला असाल, हे निवेदन तुम्हा सर्वांसाठी आहे. दौलतचा कागद कसा गेला याच्या निरनिराळ्या हकिकती तुमच्यात फिरत आहेत असे कळते. कोणी म्हणतात पुरात गेला, कोणी म्हणतात माझ्या सुनेने रद्दीत घातला. दोन्ही खोटे आहे. सुनेवर तर हा निव्वळ अन्याय आहे. जे घडले ते मी क्रमाने लिहितो.

मी तालुक्याच्या वकिलाकडे मुन्शी होतो, म्हणून गावाचे सगळे अर्ज माझ्या हातचे. घरांची, झाडांची, विहिरींची मोजणी झाली तेव्हा पंचांच्या सह्यांच्या प्रती तुम्ही माझ्याकडेच ठेवल्या. गाव सुटल्यावर पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये त्या कुठे सांभाळणार होता? मोजणीला आलेल्या गृहस्थांनी एका दुपारात अर्धे गाव उरकले आणि पुढे पक्की यादी निघाली तेव्हा दौलतच्या वावरापुढे 'कोरडवाहू, पडीक' असा शेरा होता. ज्या विहिरीचे पाणी पिऊन त्याच गृहस्थांनी झाडाखाली डुलकी काढली होती, ती विहीर यादीत नव्हती. त्या शेऱ्याविरुद्ध मी आठ वर्षे लिहीत राहिलो. दौलतला ओलिताची जमीन मिळायला हवी होती आणि त्याला दाखवायला एकच आधार होता: मोजणीच्या दिवशीची पंचांच्या सह्यांची प्रत, ज्यात विहीर, तिची खोली आणि दगडी बांधणी नोंदलेली होती. कार्यालयातील मूळ कागद 'आढळून येत नाही' असे मला दोनदा लेखी कळवण्यात आले होते. उरलेली एकमेव प्रत माझ्या पेटीत होती.

नागपुरात मी कोर्टाजवळ एका वकिलांकडे काम धरले. चार घरे बदलली. शेवटी मुलाने शहराच्या दक्षिणेला एका ले-आउटमध्ये प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या. नकाशात गॅरेज दाखवले तर नकाशा भारदस्त दिसतो असे त्याला कोणीतरी सांगितले, म्हणून गॅरेजही बांधले. मोटार आली नाही. स्कूटर आली आणि उरलेल्या जागेत माझ्या पेट्या गेल्या. तोवर त्यांचे तळ गंजून चाळण झाले होते. मी ठरवले की आता कागद उघड्या, हवेशीर, लोखंडी रॅकवर ठेवायचे. तुमच्या कागदांना मी पहिल्यांदाच काही कायमचे करून देणार होतो.

स्वस्त रॅक घेणे हे काम वाटते तितके सोपे नाही. इतवारीत लोखंडाच्या दुकानांच्या ओळीत मी तीन दिवस हिंडलो. कारखान्याचे जाड अँगलचे रॅक उत्तम, पण ते माझ्या आवाक्याबाहेर. जुन्या कचेऱ्यांतून लिलावात निघालेले रॅक वजनाने भरीव, पण नव्या रंगाखाली गंज. नखाने खरवडले की पापुद्रा निघतो. तिसरा प्रकार म्हणजे छिद्रे पाडलेले अँगल आणि घडी घातलेल्या पत्र्याच्या फळ्या, नट-बोल्टने जोडायच्या. यात पत्रा किती गेजचा हे मुख्य. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, ही उलटी गोष्ट गिऱ्हाइकाला ठाऊक नसते. फळीची कड एकदा दुमडली आहे की दोनदा, हे बोट फिरवून पाहावे. कोपऱ्यांना तिकोनी पट्ट्या आहेत की नाहीत ते पाहावे. त्या नसल्या तर रॅक धक्क्याने डुलते.

दुकानदार म्हणाला, "बाबूजी, हत्ती बसवा. झुकलं तर माझं नाव बदला."

मी म्हणालो, "हत्ती नको. पत्रा किती गेजचा ते बिलावर लिहा."

त्याने हसत 'वीस गेज' असे लिहिले आणि सही केली. ते रॅक हातगाडीवरून घरी आले. मुलाने आणि मी ते एका सकाळी जोडले. गंजलेल्या पेट्या भंगारवाल्याने नेल्या. गठ्ठे मी तात्पुरते गॅरेजच्या जमिनीवर, पोत्यांवर मांडले. फरशी व्हायची होती. खाली नुसता मुरूम होता.

मग मी पत्रा मोजला. शेजारी तंत्रनिकेतनात शिकवणारे एक गृहस्थ राहतात, त्यांच्याकडून जाडी मोजण्याचे यंत्र आणले. पत्रा वीस गेजचा नव्हता, बावीसचा होता. खालच्या दोन फळ्यांना तिकोनी पट्ट्याही नव्हत्या. लेखी हमी देऊन ही फसवणूक. मला जो संताप आला तो एका रॅकच्या मानाने फार मोठा होता, हे मी आज मान्य करतो. पडीक लिहिणाऱ्यांपुढे माझे काही चालले नव्हते. इथे मात्र माझ्या हातात सहीचे बिल होते.

मालविक्रीच्या कायद्यात एक तत्त्व आहे. विकत घेतलेला माल तुम्ही स्वतःचा म्हणून वापरायला लागलात, की तुम्ही तो स्वीकारला असे धरले जाते आणि मग तो परत करण्याचा तुमचा हक्क जातो. हे मी चाळीस वर्षे पक्षकारांना समजावून सांगितले आहे. त्यानुसार मी रॅकवर एक कागदही ठेवला नाही. चारी खांबांना दोरा बांधून लाखेची मोहोर केली आणि दुकानदाराला रजिस्टर पत्र धाडले.

पत्नी म्हणाली, "अहो, ते कागद खाली काहून ठेवले? माह्या खाटेखाली तरी सरकवा."

मी म्हणालो, "चार दिवसांचा प्रश्न आहे."

"तुमचे चार दिवस मले माहीत हायेत. चार दिवसांसाठी नागपूरले आलो होतो आपण."

चार दिवसांचे चार महिने झाले. पहिल्या पत्राला उत्तर नाही, स्मरणपत्राला नाही, अंतिम नोटिशीला नाही. मधे पावसाळा गेला. मुलगा एकदा म्हणाला, "बाबा, लावून टाका न कागद. रॅक पडत तर नाही आहे." मी त्याला स्वीकृतीचे तत्त्व सांगितले. तो ऐकून कामावर गेला. सून गॅरेज झाडायला जाई तर मी तिला अडवत असे. वादातील वस्तूच्या आसपास काही हलू नये असे माझे म्हणणे. म्हणूनच म्हणतो, तिच्यावर बोट ठेवू नका. ती झाडती तर कागद वाचले असते.

दौलतला सुनावणीची नोटीस आली. सुनावणीच्या आठ दिवस आधी तो सकाळच्या एसटीने आला, चहा घेतला आणि म्हणाला, "दे गा वामन, माहा कागद. यावेळी साहेब ऐकून घेते म्हणतात."

त्याचा गठ्ठा वरून शाबूत होता. निळे वेष्टन, माझ्या अक्षरात त्याचे नाव, गाठ तशीच. मी उचलला तेव्हा तो वजनाला लागला नाही. वाळवीने खालून शिरून आतले सगळे नेले होते आणि आतल्या जागेत ओली माती भरली होती. पानाचा एक तुकडा निघाला, दोन बोटांएवढा. त्यावर काहीच लिहिलेले नव्हते.

दौलत खाली बसला. त्याने ती माती चिमटीत घेऊन पाहिली, शेतकरी पाहतो तशी. "उधई," म्हणाला. मग त्याने मान वर केली. "हे रॅक रिकामं काहून ठेवलं गा?"

मी त्याला सांगितले. गेज, बिल, तीन पत्रे, स्वीकृती. माझे संपल्यावर म्हणाला, "म्हणजे तू दुकानवाल्याशी भांडून राहिला होता, अन् माही विहीर जमिनीवर ठेवली."

 

तो उठला, दोरा ओढून तोडला, मोहोर फुटून मुरमात पडली. "माहं गेलं. बाकीच्यायचं तरी उचल." आम्ही दोघांनी एकेक गठ्ठा उघडून, झटकून, फळ्यांवर चढवला. आणखी दोघांच्या कागदांच्या कडा खाल्लेल्या निघाल्या. त्यांना मी स्वतंत्रपणे कळवले आहे, मजकूर शाबूत आहे. दौलतने मुलाच्या स्कूटरवाल्या मेकॅनिककडून जळालेले ऑइल मागवले, रिकामे डबे घेतले आणि रॅकचे चारी पाय त्यात ठेवले. "आता चढू दे म्हणा," म्हणाला. पत्नीने त्याला जेवू घातले.

सुनावणीला मी त्याच्याबरोबर गेलो. विहिरीचे वर्णन आम्ही दोघांनी आठवणीतून प्रतिज्ञालेखावर लिहिले होते: कोणत्या बाजूला पायऱ्या, कोणत्या थरापासून काळा दगड, उन्हाळ्यात पाणी कुठवर उतरायचे. अधिकारी तरुण होते आणि सौम्य होते, त्यामुळे मला रागवायलाही जागा नव्हती. त्यांनी विचारले, पंचांच्या सह्यांची प्रत कुठे आहे? मी सांगितले, ती माझ्या ताब्यात होती, माझ्या हलगर्जीमुळे नष्ट झाली, पक्षकाराचा काही दोष नाही. त्यांनी ते शब्दशः टिपून घेतले. नंतर म्हणाले, "काका, विहीर पाण्याखाली आहे. पाहायला जाता येत नाही. कागद हवा होता." दौलतला बदल्यात मिळालेली बरड, कोरडवाहू जमीनच कायम झाली. तिथे तो ज्वारी पेरतो आणि आभाळाकडे पाहतो.

बाहेर आल्यावर मी त्याला म्हणालो, मी अपील लिहितो. तो म्हणाला, "लिहिजो. पण आधी घरी चल, तुह्या पायात चपला उलट्या हायेत." त्या खरोखरच उलट्या होत्या.

अपील मी लिहिले; ते पडून आहे. त्या दुकानदाराविरुद्धचा पत्रव्यवहार मात्र मी थांबवला. आणि तुमच्यापैकी कोणाला स्वस्त रॅक घ्यायचे असेल तर माझा प्रामाणिक अभिप्राय असा, की बावीस गेजचा पत्राही चालतो. गेली काही वर्षे त्या फळ्यांनी आपल्या अख्ख्या गावाचे कागद पेलले आहेत. मधली फळी बोटभर वाकली आहे, बाकी काही नाही. कोपऱ्यांच्या तिकोनी पट्ट्या मी वेगळ्या आणून लावल्या. त्या कुठल्याही लोहाराकडे मिळतात. पहिल्या दिवशीच लावल्या असत्या तर काम तासाभराचे होते.

त्यानंतर मी तुम्हा सर्वांना पत्रे धाडली की आपापले कागद घेऊन जावे, मी ते सांभाळायला लायक राहिलो नाही. पोचपावत्या सगळ्यांच्या आल्या. कागद न्यायला कोणी आले नाही. मला वाटले, तुम्ही रागावला आहात. रागावण्याचा तुमचा हक्क मी नाकारत नाही.

संक्रांतीनंतर एका दुपारी दौलत आला. धोतराच्या फडक्यात बांधलेले एक गाठोडे त्याने टेबलावर ठेवले. त्यात त्याच्या वडिलांच्या मृत्यूचा दाखला, भावाशी झालेले वाटणीपत्र आणि बरड जमिनीचा हुकूम होता. "हे ठेव तुह्यापाशी," म्हणाला.

मी म्हणालो, "काहून गा? तुझी विहीर मी घालवली ना?"

"घालवली. त्याले काय झालं? तिकडं नव्या गावठाणात कोनापाशी देऊ? अर्धे लोक तिथं मले आडनावानं बोलावतात."

गेल्या काही वर्षांत मी बरेचदा विचार केला आहे की घर म्हणजे आता काय म्हणायचे. आईची चौकट पाण्याखाली आहे. ही दोन खोल्यांची जागा मुलाची आहे आणि नागपूर कोणाचेच नाही, असे मी इथे आलो तेव्हा म्हणत असे. एवढेच सांगता येते, की दौलतने ते गाठोडे माझ्यापुढे ठेवले तेव्हा मला इथून कुठे परत जावेसे वाटले नाही.

मी सवयीप्रमाणे कोरा कागद घेतला, तीन दस्तऐवज मिळाल्याची पावती लिहिली, तारीख घातली, सही केली आणि त्याच्या हातात दिली. त्याने ती वाचली नाही. चार घड्या घातल्या, गाठोडे उघडले, बाकीच्या कागदांत ती नीट सरकवली, पुन्हा गाठ मारली आणि गाठोडे माझ्याकडे दिले.