दासलचा जुना कॉम्प्युटर

तकशेठचं दुकान माझ्या दुकानाला लागून. मध्ये नुसती काच. मी प्रिंटरची शाई विकते आणि ते जुने कॉम्प्युटर नव्या कॉम्प्युटरच्या पोटात घालून देतात. सोलमधल्या योंगसानच्या कॉम्प्युटर बाजारातल्या या इमारतीत पूर्वी तिसऱ्या मजल्यावर पाय ठेवायला जागा नसायची. आता जिन्यावर पावलं वाजली तरी आम्ही दोघं माना वर करतो, आणि येणारा बहुतेक वेळा स्वच्छतागृह शोधत आलेला असतो. बाकीची शटरं पडली ती पडलीच. जेवण पोचवणारी बाई डोक्यावर ताटांची चवड घेऊन यायची, तीसुद्धा आता आमच्या दोघांसाठी जिने चढायला कुरकुर करते.

त्यांच्या धंद्याचं मला सुरुवातीला हसू यायचं. "तकशेठ, मेलेल्या मशीनचं श्राद्ध घालता की काय?" असं मी विचारायची. ते म्हणायचे, "श्राद्ध नाही ताई, मी त्यांना मरूच देत नाही."

आणि खरंच देत नाहीत. मोज्यांच्या कारखान्याचा मालक येतो. त्याचं विणायचं यंत्र धडधाकट असतं, पण नक्षी काढायचा प्रोग्राम विंडोज ९८ सोडून कशावर चालत नाही, आणि तो ज्या डब्यावर आहे तो डबा आचके देत असतो. तकशेठ त्या डब्याच्या हार्ड डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं उतरवून घेतात आणि नव्या मशीनवर एका चौकटीत चालू करून दाखवतात. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात, एवढं मी इतक्या वर्षांत शिकले. चौकट उघडली की आत अख्खा जुना कॉम्प्युटर, सुरू होतानाच्या आवाजासकट. आतल्या बिचाऱ्याला पत्ताही नसतो की आपलं शरीर कधीच भंगारात गेलंय. मोजेवाला तर हात जोडायचाच बाकी राहतो.

या धंद्याआधी तकशेठ गेम खेळायच्या कॅफेंची मशीनं सांभाळायचे. तिथला रिवाजच असा, की गिऱ्हाईक उठलं आणि मशीन बंद करून चालू केलं की त्याने केलेलं सगळं पुसलं जायचं. एकाचा पसारा दुसऱ्याला नको. पोरं काय वाटेल ते करून ठेवतात, पण मशीन पुन्हा पहिल्यासारखं लख्ख. हे त्यांच्या हाताला इतकं बसलं होतं की पुढे बनवलेल्या प्रत्येक आतल्या मशीनलाही त्यांनी तीच सवय लावली. गिऱ्हाइकाच्या कामाच्या फायली तेवढ्या बाहेर वेगळ्या ठेवायच्या, आणि मशीन बंद झालं की आतलं सगळं मूळपदावर. त्यामुळे त्यांचं काम कधी बिघडून परत येत नसे. याचा त्यांना केवढा अभिमान!

आता त्यांच्या घरचं सांगते. तकशेठ म्हणजे आमच्याकडे ज्याला रानहंस बाप म्हणतात तो. बायको आणि पोर कॅनडात शाळेसाठी, आणि हे इथे एकटे कमवून पाठवणार. अशा बापांची आमच्याकडे वाण नाही, पण बहुतेकांची कुटुंबं कधीतरी परत येतात. यांचं आलं नाही. बायकोने दोन-तीन वर्षांनी तिकडेच दुसरा संसार मांडला. पोर, दासल, नऊ वर्षांची गेली ती तिकडेच वाढली, शिकली, नोकरीला लागली. तकशेठ पैसे पाठवत राहिले, मग पाठवायची गरजही उरली नाही. सणाला त्यांच्याकडे कोणी येत नाही. मी घरून भाताच्या वड्यांचं सूप डब्यात घालून नेते, तर म्हणतात, "ताई, एवढं कशाला?" आणि सगळं संपवतात.

त्यांना आयुष्यात एकच हवं होतं. पोरीने परत यावं. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, पण आंधळ्यालाही दिसावं असं होतं. कारण त्या मोजेवाल्यांच्या आणि दवाखानेवाल्यांच्या मशीनांमध्ये एक दासलचंही होतं. तिचा दुसरी-तिसरीतला घरचा कॉम्प्युटर. संध्याकाळी दुकान आवरायच्या आधी ते तो उघडायचे. पडद्यावर मोठा ससा. कोपऱ्यात तिने गिरबटलेली चित्रं. "बाबांनी उघडू नये" असं नाव दिलेला एक फोल्डर, जो त्यांनी वीस वर्षांत खरंच उघडला नव्हता. तिचा चित्रांचा आवडता प्रोग्राम महिनाभराच्या मुदतीचा, फुकट मिळालेला, ती मुदत संपू नये म्हणून त्यांनी आतली तारीखही तिथेच अडकवून ठेवली होती. रोज तोच दिवस. थोडा वेळ नुसतं बघायचे, मग नीट बंद करून घरी जायचे.

मी चिडून म्हणायची, "हे बघत बसण्यापेक्षा तिला सरळ सांगा ना, ये म्हणून."

"तिचं आयुष्य तिकडे आहे ताई. तिच्यावर ओझं कशाला?"

"बापाने ये म्हटलं की ओझं होतं?"

"तिला नाही म्हणावं लागलं, तर त्याचं ओझं होतं," ते म्हणायचे, आणि विषय संपायचा.

गेल्या वर्षी थंडी सरता सरता दासल सोलला आली. कामासाठी आलेय, चारच दिवस, हॉटेलात उतरलेय, असं तिने कळवलं. तकशेठनी केस कापले. दुकानाची काच आतून पुसली, बाहेरून पुसली, मग माझ्या बाजूनेही पुसली. मी म्हटलं, "पोर भेटायला येतेय, की तुम्हाला कोणी स्थळ म्हणून बघायला येतंय?" तर लाजले. साठीचा माणूस!

शेवटच्या दिवशी ती दुकानात आली. उंच, लांब कोट, तिशीला टेकलेली. दिसायला ऑफिसर, पण तोंड उघडलं की नऊ वर्षांची पोर. आपली भाषा तिची तेवढ्यावरच थांबलेली. मोठ्यांशी कसं बोलायचं ते शब्दच तिच्याकडे नव्हते. मला म्हणाली, "तू बाबाच्या बाजूची मावशी ना?" तकशेठ कानकोंडे झाले. मी म्हटलं, "हो गं बाई, मीच ती. तुझ्या बाबाला जेवायला घालणारी."

तकशेठनी तिच्यासमोर तिचा कॉम्प्युटर उघडला. सुरू होतानाचा आवाज ऐकून ती दोन्ही हात तोंडावर ठेवून उभीच राहिली. मग ससा दिसला, फोल्डर दिसला.

"बाबा, हे तू कधी उघडलं नाहीस?"

"तू लिहिलंयस ना, उघडू नये म्हणून."

"वेडा आहेस तू!" तिने उघडलं. आत तिच्या गेममध्ये फुकट जीव मिळवायच्या युक्त्या लिहिलेल्या होत्या. दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तकशेठना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मग ते तिच्यासाठी गरम मांडू, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, आणायला खाली गेले. आपल्या हाताने आणायचे होते त्यांना. ती एकटीच बसली. मला काचेतून दिसत होतं. मग ती कीबोर्ड ओढून लिहायला लागली. लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. एकदा नाक पुसलं. मला वाटलं, बरं झालं, जे तोंडाने येत नाही ते पोर लिहून देतेय. लिहून झाल्यावर तिने आतला कॉम्प्युटर पद्धतशीर बंद केला. लहानपणी बापानेच शिकवलं होतं, बटण दाबून कधी घालवायचा नाही, नीट बंद करायचा.

तकशेठ आले. दोघांनी मांडू खाल्ले, आणि ते तिला विमानतळाच्या गाडीत बसवून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करतेय तोच तकशेठ फोन नाचवत आले. "ताई, हे वाचा!" दासलचा निरोप होता. पोचले. माझ्या कॉम्प्युटरवर तुझ्यासाठी लिहून ठेवलंय. मला बोलता आलं नसतं. वाच आणि लवकर सांग.

मीही त्यांच्या दुकानात गेले. उघडलं. ससा आला, चित्रं आली, फोल्डर आला. बाकी काही नाही. आत दुसरी-तिसरीतलाच दिवस चालू होता. तकशेठनी बंद करून पुन्हा उघडलं. पुन्हा तेच. मग त्यांचे हात जागच्या जागी थांबले.

"मी त्याला विसरायला लावलंय," ते म्हणाले. "बंद केलं की सगळं पुसतो तो. तिने नीट बंद केलं असणार."

"हो, केलं. मी पाहिलं."

"चालू सोडून गेली असती तर राहिलं असतं, ताई."

दोन दिवस ते हार्ड डिस्क खरवडत बसले. लोकांच्या पुसलेल्या फायली त्यांनी जन्मभर परत आणून दिल्या आहेत. पण अविश्वासाने त्यांनी मशीन दोनदा उघडलं-मिटलं होतं आणि पुसलेल्याच्या जागेवर दुसरंच काही लिहिलं गेलं होतं. हाती आला तो नुसता कचरा.

मी म्हटलं, "यात काय एवढं? फोन करा. सांगा, पोरी, गेलं पुसून, पुन्हा सांग."

"काय सांगू? माझा धंदा हा. तिने एकदा, आयुष्यात एकदाच मला काही लिहिलं आणि मी पुसलं?"

"तुम्ही कुठे पुसलंत?"

"मीच पुसलं." आणि तोंड फिरवून बसले. या माणसाच्या हट्टापुढे दगड बरा. माझं डोकं इतकं फिरलं की तो आठवडाभर मी त्यांच्याशी शाईच्या कामापुरतीच बोलले.

पण पोर विचारत राहिली. वाचलंस का? सांग ना. शेवटी त्यांनी उत्तर पाठवलं. मला न विचारता पाठवलं, नंतर दाखवलं. सगळे बाप लिहितात तेच: वाचलं. माझी काळजी करू नकोस. तू तिथेच सुखात राहा, मला त्यातच आनंद आहे.

"यात चुकीचं काय आहे?" त्यांनी विचारलं. "तिने काहीही लिहिलं असलं तरी हे लागू पडेल." वाचायला मलाही ते चांगलंच वाटलं.

तिचं उत्तर आलं एका शब्दाचं: बरं.

पुढे महिना-दीड महिना काही नाही. मग एके दिवशी आम्ही त्यांच्या दुकानात जेवत होतो. पानात भात गुंडाळताना मिरचीच्या लगद्याने त्यांचे हात भरलेले, म्हणून त्यांनी कोपराने फोन घेतला आणि आवाज मोठा केला. दासल होती. आनंदी वाटत होती, जरा जास्तच.

"बाबा, मी इथे घर घेतलं! लहान आहे, पण माझं आहे."

"अरे वा! छान झालं."

"तू म्हणालास ना, तिथेच राहा. म्हणून मी सोलच्या कंपनीला येत नाही असं कळवलं."

"कुठल्या कंपनीला?"

मग ती हळू म्हणाली, "बाबा, मी लिहिलं होतं ना. मी मुलाखतीला आले होते, त्यांनी मला घेतलं. तुझ्या घराजवळच ऑफिस. मी परत आले आणि तुझ्याकडे राहिले तर तुला चालेल का, असं विचारलं होतं. वाचलंस म्हणालास ना?"

माझ्या हातातली जेवायच्या काड्यांची जोडी खाली पडली. मी त्यांना दोन्ही हातांनी खुणा करत होते. सांगा! आत्ता सांगा! ते माझ्याकडे बघत नव्हते.

"हो हो, ती कंपनी," तकशेठ म्हणाले. "वाचलं होतं की. नावच विसरलो. वय झालं आता."

"मग मी बरं केलं ना?"

"बरं केलंस. घराला ऊन येतं का?"

ती उन्हाबद्दल सांगायला लागली. एक खिडकी पूर्वेला, एक नदीकडे. ते मध्ये मध्ये हं हं करत होते. शेवटी म्हणाले, "पडदे जाड लाव, तिकडे थंडी फार," आणि फोन ठेवला.

मग मी जे तोंड सोडलं ते विचारू नका. "अक्कल आहे का तुम्हाला? एक शब्द! ये, एवढंच म्हणायचं होतं! तिला यायचं होतं! वीस वर्षं कशाची वाट बघत होतात?"

त्यांनी हात पुसले.

"तिने घर घेतलंय, ताई," ते म्हणाले. "आता खरं सांगितलं तर तिला ते आयुष्यभर टोचत राहील. मला टोचतंय तेवढं पुरे."

त्यांनी माझं ताट माझ्याकडे सरकवलं आणि जेवण गार होतंय म्हणाले. मी उठून माझ्या दुकानात आले आणि त्यांना काचेतून दिसू नये म्हणून शाईच्या खोक्यांकडे तोंड करून रडले.