शाळेचा वाटा

रंगातल्या जवसाच्या तेलाचा वास आला की मला मिऱ्या गावची किनाऱ्यावरची पुळण आठवते. आगबोटींचे दिवस होते. आमच्या चित्रकला-गायनाच्या छोट्या हायस्कुलाची ग्रँट थांबली, तेव्हा मास्तरांनी खारव्यांशी ठरवलं, की नारळी पुनवेआधी मुलांनी होड्या रंगवायच्या आणि त्या होड्यांनी मासळीतला एक वाटा शाळेला द्यायचा. एका होडीच्या नाळीवर, म्हणजे पुढच्या टोकावर, मी मोर काढला. कार्तिकातल्या तुफानात ती होडी बुडाली, कोणीच परतलं नाही. आठवड्याने ती होडी चालवणाऱ्या तांडेलाची बायको मोराची फळी डोक्यावर घेऊन वर्गात आली. "येवढीच किनाऱ्याला लागली, मास्तर. शाळेचा वाटा ठेवा," म्हणाली. मास्तर "नको गं बाई" म्हणेपर्यंत ती वळलीसुद्धा. पुढे मी जन्मभर चित्रकला शिकवली. मोर मात्र कुठल्याच मुलाला शिकवला नाही.