वहिनीचा बारावा भाग

समोरच्या माणसाचा स्वभाव बघून वहिनी ॲनिमे सांगायची. ॲनिमे म्हणजे जपानी कार्टून मालिका. पण तिच्यासमोर कार्टून म्हटलं की चहात साखर पडायची नाही. निपाणीहून लग्न होऊन आमच्या खानापूरच्या घरात आली ती मोबाइलमध्ये हे खूळ घेऊनच. घाबरटाला ती राक्षसांची मालिका द्यायची, भांडखोराला मैत्रीची. मला, तिच्या बिनकामाच्या दिराला, शापित जंगलात हरवलेल्या भावाला शोधायला घर सोडणाऱ्या पोरीची मालिका मिळाली. वर ताकीद, "भावजी, पुढं काय हुतंय ते विचारायचं न्हाय."

मला जपानी कळत नाही म्हटलं, तर म्हणाली, "बरंच हाय की! जिच्यावरनं आपल्याकडं भांडण न्हाय अशी ही एकच भाषा." आमच्या गावात दुकानाच्या पाटीवर मराठी हवी का कानडी, यावरून दिवसभर वाद घालता येतो. खाली पळणारी इंग्रजी अक्षरं वाचून वहिनी आईला मराठीत गोष्ट सांगायची. तांदूळ निवडता निवडता आई मालिकेतल्या मुखवटेवाल्या जादूगारणीवर खवळायची, "ही भवानी कोण हाय ते एकदा सरळ सांगत का न्हाय गं?"

"आत्या, सांगितलं तर तुम्ही उद्या बघशिला व्हय?" सासूला ती आत्याच म्हणायची.

तिचा एक नियम होता. "बाराव्या भागापर्यंत दम धरायचा. हिरो सुरवातीला रडका असू दे, आळशी असू दे. माणूस बदलाय लागला तर पुढं बघायचं." नाही बदलला तर ती "साकू" म्हणून मोबाइल पालथा घालायची. साकू म्हणजे कानडीत पुरे. साकू म्हटलेली मालिका तिनं पुन्हा कधी उघडली नाही.

हाच नियम ती आमच्या अण्णाला, म्हणजे तिच्या नवऱ्यालाही लावत होती, हे मला फार उशिरा कळलं. अण्णा सज्जन. दारू नाही, मारझोड नाही, आणि काम तर नाहीच नाही. स्टँडवरच्या चहाच्या गाड्यावर बसून तो देश चालवायचा. "पुढच्या महिन्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकतो," हे लग्नाच्या बोलणीतलं वाक्य अजून तसंच चालू होतं. आई त्याला बोलायला लागली की वहिनीच आडवी यायची, "थांबा आत्या, बदलत्यात."

मग तिला बेळगावजवळच्या पिरनवाडीच्या एका शाळेत नोकरी लागली. "तिथं दोन खोल्या घेऊ. तुम्ही दुकान टाका," ती अण्णाला म्हणाली. तिच्या आवाजात आशा मावत नव्हती. अण्णानं बशीतला चहा फुंकला. "बघू की, पुढच्या महिन्यात."

ती एकटीच निघाली. तिची बॅग घेऊन मी स्टँडवर गेलो, तर अण्णा गाड्यावर आमच्याकडं पाठ करून बसलेला.

"वहिनी, अजून थोडा दम धर की."

तिनं त्या पाठीकडं बघितलं. "लई भाग बघितलं, भावजी. साकू."

बेळगावची बस आली आणि ती चढली. मला तिचा राग आला नाही. अण्णाचा आला, आणि मेलं रडूही आलं.

परवा अण्णा माझ्याजवळ येऊन बसला. दाढी वाढलेली, हातात मोबाइल, मोबाइलवर तेच शापित जंगल. गाड्यावर जाणं त्यानं सोडलंय.

"बारावा भाग झाला," तो म्हणाला. मग मोबाइल माझ्यापुढं धरला. "व्हय रं, ही पोरगी शेवटी घरला येती का न्हाय?"

"पुढचं विचारायचं न्हाय, अण्णा."