रुपरावांची पिकअप पोळ्यात

आमचे भाटवे रुपराव यांचं कोणी कौतुक करायला लागलं की मी उठून पाणी प्यायला जातो. भाटवे म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीचे, मनकर्णाबाईचे मालक. माणूस तसा वाईट नाही. दारू नाही, पत्ते नाही, कोणाच्या बांधावर पाय नाही. पण शेजाऱ्याकडे काही उंच दिसलं की यांचं पोट दुखायला लागायचं. चंपतरावानं कौलं काढून स्लॅब टाकला, तर यांनी कौलांवर लोखंडी टाकी चढवली. तिच्यात तीन वर्षं थेंबभर पाणी नव्हतं, पण स्लॅबपेक्षा टाकी दोन हात उंच होती, आणि तेवढ्यावर भाटवे खूश होते.

मी कचेरीत कारकून झालो, नागपूरच्या प्रताप नगरात राहायला गेलो, त्यामुळे माझी बोली जराशी धुतली गेली. राग मात्र अजून गावचाच आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो, मी काही गोड बोलणार नाही.

एकोणऐंशी सालची गोष्ट. हुडकेश्वर तेव्हा नागपुरात धरत नव्हते, गावच होतं ते. शेतं, गोठे, मारुतीचं देऊळ, आणि देवळाभोवती बैलगाडी जेमतेम वळेल एवढी गल्ली. पोळ्याला गावच्या सगळ्या जोड्या सजून तोरणाखाली उभ्या राहायच्या आणि मानाची जोडी पुढं निघायची. देवळाला वळसा घालून ती परत तोरणाशी आली की तोरण तुटायचं, पोळा फुटायचा, म्हणजे बाकीचे बैल सुटायचे. हा पहिल्या जोडीचा मान चार पिढ्या भाटव्यांच्या घरचा. त्या घरात दुसरं काही मोठं झालेलं नाही, त्यामुळे हा मान त्यांना जिवापेक्षा प्यारा होता.

बैल होते हौश्या आणि पाखऱ्या. हौश्याला मनकर्णानं वासरू असताना हातानं पेज पाजून जगवलेला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते, जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांना तूप-हळद लावायची, आणि बैलाला म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." ती वाटी घेऊन मनकर्णा गोठ्यात शिरली की हौश्या आपणहून खांदा पुढं करायचा. माणसापेक्षा शहाणा होता तो. निदान त्या घरातल्या एका माणसापेक्षा नक्कीच.

त्या वर्षी उन्हाळ्यात चंपतरावानं ट्रॅक्टर घेतला. मागचं चाक उभ्या माणसाच्या खांद्याला लागत होतं. भाटव्यांकडे लिलावात घेतलेली जुनी पिकअप होती, तिच्यातून ते काटोलहून संत्री आणायचे. गाडी बिचारी इमानदार. पण एका लग्नात दोन्ही गाड्या शेजारी उभ्या राहिल्या आणि चंपतराव पान चघळत म्हणाला, "रुपराव, तुमची गाडी तं रांगून राहिली गा. उभी कधी राहीन?"

झालं. सारा मांडव हसला, आणि खोटं कशाला बोलू, मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी भाटवे माझ्या दारात. "मनोहर, चाल. गाडीले मोठे टायर बसवाचे हायेत."

"काहून? हाये ते फाटले का?"

"फाटले नाही. बुटके हायेत."

आम्ही भैयाजी मिस्त्रीच्या गॅरेजात गेलो. भैयाजी हात पुसत बाहेर आला, गाडीभोवती फिरला. साडेसात-सोळाचे टायर, म्हणजे जवळजवळ लहान ट्रकचे, आणि त्यांना लागणाऱ्या चाकाच्या रुंद लोखंडी डिस्का, असं सगळं त्यानं सांगितलं. किंमत ऐकून मी घरी निघायला लागलो. भाटवे हलले नाहीत. ते म्हणाले, पैशाचं होऊन जाईन.

कसं झालं ते मला आठ दिवसांनी बहिणीकडून कळलं. भाटव्यांनी हौश्या-पाखऱ्याला बाजारात नेऊन दलालाच्या हवाली केलं होतं. मनकर्णा दोन दिवस जेवली नव्हती. मी तणतणत गेलो, तर भाटवे मलाच समजवायला लागले, "अबे, बैल म्हातारे होतेत, टायर थोडीच म्हातारे होतेत?" या माणसाला देवानं डोकं दिलं ते फेटा बांधायला, हे माझं मत त्या दिवशी पक्कं झालं.

आणि बैल कोणाच्या गोठ्यात गेले असतील? चंपतरावाच्या. दलालाकडून त्यानं सकाळी घेतले आणि दुपारी दारात बांधले. ट्रॅक्टरवाल्याला बैल कशाला, असं भाटव्यांना वाटलं. मला नाही वाटलं. चंपतराव पक्का माणूस. शेतात ट्रॅक्टर चालतो, पण पोळ्यात बैल लागतात, हे त्याला ठाऊक होतं. मानाची जोडी आता त्याच्या दावणीला होती, मान काय दोन पावलांवर होता.

हे भाटव्यांच्या ध्यानात आलं तेव्हा पोळा चार दिवसांवर आलेला. चेहरा पांढराफटक. म्हटलं, आता येईल अक्कल. पण अक्कल यायची सोडून त्यांना कल्पना आली. ते तडक नानाजींकडे गेले. नानाजी गावातले सर्वांत वयस्क, पोळ्यात त्यांचा शब्द शेवटचा.

"नानाजी, बैल कायले असते? ओढाले. माही पिकअप चार जोड्यांचं ओढते. यंदा मानाची जोडी म्हणून तेच उभी करतो."

नानाजींनी बराच वेळ तंबाखू मळली. मग म्हणाले, "कर बाप्पा. पण बैलासारखी चालली पायजे. तोरणाखालून निंघाचं, मारोतीले वळसा घालाचा अन् न थांबता वापस याचं. आली तं मान तुया घरी. अडकली तं चंपतच्या घरी, अन् मंग कायमचा."

भाटवे उड्या मारत घरी आले.

मागवलेले टायर पोळ्याच्या तोंडावर आले, ते बसवायच्या दिवशी मी सोबत होतो. नवी चाकं चढली आणि गाडी खरंच वीतभर उंच झाली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते मी डोळ्यानं पाहिलं. पुढची चाकं मडगार्डच्या बाहेर डोकावत होती. भैयाजीनं स्टेअरिंग पूर्ण फिरवलं, खर्रर्र आवाज आला. तो उतरला आणि म्हणाला, "भाऊ, सीधी चलेगी तो शेर. पण पुरी वळवली का टायर मडगार्डात घुसते. मडगार्ड चार बोटं कापू देता का?"

"हात लावू नको!" भाटवे ओरडले. कारण त्या मडगार्डांवर त्यांनी पेंटरकडून पोळ्यासाठी दोन बैल काढून घेतले होते. एका बाजूला हौश्या, दुसऱ्या बाजूला पाखऱ्या, खाली नावासकट. खरे विकले आणि चित्रातले चार बोटंही कापवत नव्हते!

भैयाजीनं माझ्याकडे पाहिलं. देवळामागचं वळण मला माहीत होतं. एक शब्द बोललो असतो तर बरं झालं असतं. नाही बोललो. मला तमाशा बघायचा होता, आणि ही गोष्ट मी आजपर्यंत बहिणीला सांगितलेली नाही.

खांदशेकणीच्या संध्याकाळी भाटवे अंगणात गाडीपुढं उभे राहिले आणि मनकर्णाला म्हणाले, "आण वाटी. टायरले लाव."

ती वाटी घेऊन आली होती, सवयीनं. हळद कालवलेलं तूप, पळसाचं पान. गाडीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "अजी, रबराले कुठं खांदा असते?" एवढंच म्हणाली आणि वाटी आत नेऊन फडताळात ठेवली. भाटव्यांनी मग स्वतःच चाकांना गोडं तेल चोपडलं. चाकं काय, चमकली.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर सारं गाव तोरणाशी. पिकअपच्या बॉनेटवर झूल, दिव्यांना बाशिंगं, आरशाला घुंगुरमाळा. भाटवे फेटा बांधून स्टेअरिंगवर, शेजारी मी. मागं चाळीस जोड्या, आणि अगदी गाडीच्या मागच्या फाळक्याला लागून चंपतरावानं धरलेले हौश्या-पाखऱ्या, शिंगं रंगवलेली, पाठीवर नवी झूल. कोणीतरी झडती, म्हणजे पोळ्याचं चिमटे काढणारं गाणं, म्हटली,

"चाक आणलं शहरातून, तेल पेलं मणभर,
शेण पडलं नाही गा, आता चूल पेटवू कशावर?"

लोक पोट धरून हसले. भाटव्यांनी मान ताठ ठेवली आणि गाडी सोडली.

पहिली पन्नास पावलं झकास. पण बैल चालतो सावकाश, आणि मोठ्या चाकांमुळे ही गाडी पहिल्या गिअरमध्येही पळायला बघत होती. भाटवे क्लच दाबून दाबून तिला रांगवत होते. जळका वास यायला लागला. "काहीतरी जळून राहिलं," मी म्हणालो. "चंपत जळून राहिला," ते म्हणाले.

देवळामागचं वळण आलं. भाटव्यांनी स्टेअरिंग पूर्ण फिरवलं. खर्रर्र झालं, मग पत्रा फाटल्याचा आवाज, आणि गाडी एक गचका देऊन गल्लीत आडवी बंद पडली. खाली उतरून पाहिलं, डावं चाक मडगार्डात रुतलेलं, पत्रा टायरात घुसलेला, आणि चित्रातला पाखऱ्या मानेपासून वाकून चाकाखाली गेलेला. गल्ली बंद. मागं तोरणाशी चाळीस जोड्या खोळंबलेल्या, सूर्य कलायला लागलेला, आणि तोरण तुटल्याशिवाय कोणाचाच पोळा फुटत नव्हता.

चंपतराव म्हणाला, "ट्रॅक्टर आणू का?"

"मेलो तरी नाही!" भाटवे.

कोणी म्हणालं, मग दोन जोड्या जुंपा, मागं ओढून काढतील. त्याबरोबर नानाजींची काठी जमिनीवर आपटली. "खबरदार! आज पोळा हाये. आज बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाही. ज्याची गाडी त्याचा खांदा."

मग दोर आला. भाटव्यांनी फेटा काढून सीटवर ठेवला, दोर खांद्यावर घेतला आणि वाकले. मीही लागलो, दोन-चार गडीही लागले, पण पुढं तेच होते. टायरातून पत्रा सुटेना. सदरा फाटला, खांदा सोलला, तरी दोर टाकला नाही माणसानं. रुतलेलं चाक फरफटत गाडी हातहात मागं सरकत तोरणाशी आली, तेव्हा बैल दोन्हीकडे अंग चोरून वाट देत होते. हौश्याजवळून जाताना हौश्यानं मान लांब करून भाटव्यांचा हात हुंगला. दर पोळ्याला त्या हातात पुरणपोळी असायची. त्या दिवशी दोर होता. मी हसायला आलेला माणूस, पण तेव्हा माझ्याच्यानं हसवलं नाही. लाज वाटली मला, त्यांची आणि माझीही.

गल्ली मोकळी झाली. चंपतरावाची जोडी, म्हणजे भाटव्यांचीच, देवळाला वळसा घालून न थांबता परत आली. तोरण तुटलं, पोळा फुटला. चंपतरावानं मोठ्या मनानं सांगितलं, "रुपराव, बैल तुमचेच हायेत गा. फक्त गोठा आमचा." यापेक्षा त्यानं जोडा मारला असता तर बरं.

घरी आलो. भाटवे ओसरीवर भिंतीला टेकून बसले. मी चहा मागितला, कोणी दिला नाही. थोड्या वेळानं मनकर्णा आतून आली. हातात कालची तूप-हळदीची वाटी आणि पळसाचं पान. मला वाटलं आता भांडण होतं. ती खाली बसली, त्यांच्या खांद्यावरचा फाटका सदरा बाजूला सारला, आणि सोललेल्या जागी सावकाश तूप लावायला लागली. कुजकेपणानं नाही, हसून नाही. दर वर्षी गोठ्यात म्हणायची त्याच आवाजात म्हणाली,

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

भाटव्यांनी खांदा थोडा पुढं केला.