तांदळाच्या डब्यातला माऊस

पावसाळ्यात पोलादपुरात काहीच कोरडं राहत नाही. कपाटातल्या चपलांना बुरशी येते, फॉर्मचे कागद पापडासारखे सादळतात. म्हणून आमच्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात संध्याकाळचं एक काम ठरलेलं होतं, दोन्ही टेबलांवरचे वायरलेस माऊस तांदळाच्या डब्यात ठेवायचे. तांदूळ ओल ओढून घेतो. ही अक्कल माझी. दुकान माझं, आणि बाजारात सगळ्यात मोठं तोंडही माझंच. प्लायवुडच्या पलीकडच्या टेबलावर माझी धाकटी जाऊ बसते, ती बिचारी गरीब आहे.

पावसाच्या सुरुवातीलाच माझा एक माऊस बंद पडला. तो डब्यात टाकला आणि दुसरा घेतला. जुन्या माऊसचा सिग्नल पकडणारा नखाएवढा रिसीव्हर मात्र कॉम्प्युटरच्या मागे तसाच राहिला. टेबलाखाली वाकून तो काढणार कोण? माझे गुडघे आधीच बोंब मारतात.

मग एक दिवस वरच्या धनगरवाडीतली एक मुलगी वडिलांबरोबर आली. नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म, आणि शेवटचा दिवस. म्हशी शेजाऱ्यावर टाकून वडील आले होते. त्यांची अट एकच होती. "महाडला लागला नंबर तर शिकंल. संध्याकाळच्या एसटीनं घरी येता आलं पायजे. लांब पाठवायचा नाय." मुलगी मार्कशीटची पिशवी छातीशी घट्ट धरून होती.

मी कॉलेजांची यादी भरली. क्रम लावायचा बाकी होता, त्यामुळे सगळ्यात वर विदर्भातलं कुठलं तरी कॉलेज होतं. घाईची सवय वाईट, बाण मी आधीच 'लॉक करा'वर नेऊन ठेवला आणि मार्कशीट बघायला मान वळवली. परत बघते तर काय, फॉर्म लॉक! म्हणजे आता क्रम बदलता येणार नाही. खात्री आहे का म्हणून विचारणारी चौकट येते, तीसुद्धा येऊन गेलेली.

"हात लावलास ना तू? कुणी सांगितलं होतं तुला?" मी अख्खं दुकान ऐकेल अशी ओरडले. रांगेतली माणसं तिच्याकडे बघायला लागली. ती नुसती नाही-नाही म्हणून मान हलवत राहिली. वडील उठले. "जाऊ दे. नशिबात नाय तर नाय. चल घरी."

तेवढ्यात प्लायवुडच्या पलीकडून जाऊ म्हणाली, "ताई, डब्यातल्या या माऊसला नवा सेल घातला, किती दाबला, पण चालतच नाय गो!"

डब्यातला म्हणजे माझाच तो जुना माऊस. "परत दाब बघू," मी म्हटलं. तिने दाबला, हलवला, आणि माझ्या स्क्रीनवरचा बाण टुणकन उडाला. माझा हात तर माझ्या मांडीवर होता. अगं बाई! तो माऊस मेलाच नव्हता, त्याचा फक्त सेल संपला होता. पलीकडे बसून जाऊ त्याचं बटण दाबत होती आणि इकडे या पोरीचा फॉर्म लॉक होत होता.

दुकान जाऊवर टाकलं आणि दोघांना घेऊन मिळेल त्या रिक्षाने महाडचं प्रवेश केंद्र गाठलं. तिथल्या सरांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. "तुमचा कीबोर्डपण वायरलेस आहे का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "स्वस्तातल्या काही कीबोर्डांचं टाइप केलेलं तसंच उघडं हवेतून जातं. जवळपास कुणी साधन घेऊन बसला तर पासवर्ड वाचू शकतो. रिसीव्हर लावून ठेवणं म्हणजे दार उघडं ठेवणं." अख्ख्या तालुक्याचे पासवर्ड मी त्या कीबोर्डवर बडवत होते! त्याच आठवड्यात दोन्ही टेबलांवर वायरवाले कीबोर्ड आणि माऊस आले, ते आजही आहेत.

फॉर्म उघडायला लेखी कारण हवं होतं. "दुकानाची चूक लिहिलीत तर तुमच्या लॉगिनची चौकशी लागेल, बंदही होऊ शकतं," सरांनी आधीच सांगितलं. माझं पेन थांबलं. खोटं कशाला बोलू, थांबलंच. पोटाचा प्रश्न होता.

मुलगी माझ्या कानाशी आली. "मावशी, माझाच हात लागला आसं लिवा. तुमचं दुकान बंद नको."

मला तिथेच रडू आलं. पदराने डोळे पुसले आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, मुलीने कशालाही हात लावला नव्हता, चूक पूर्णपणे माझी आहे. खाली सही केली. सरांनी ते दोनदा वाचलं आणि फॉर्म उघडून दिला. महाडचं कॉलेज तिने स्वतः वर आणलं आणि स्वतःच लॉक केलं. वडिलांनी छापील कागद हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि तिच्याच पिशवीत नीट ठेवला.

पुढे माझी चौकशी झाली, ताकीद मिळाली, दुकान राहिलं. पोरीचा नंबर महाडलाच लागला.

फॉर्म भरला त्या दिवशी महाडच्या एसटी स्टँडवर मी तिला म्हटलं, "पोरी, चारचौघांत तुझ्यावर ओरडले गो. माफ कर."

ती गाडीची पाटी बघत होती. म्हणाली, "वरडत्यात सगळीच, मावशी. लिवून कोण देत नाय."